ताट वाजलं तेव्हा बाळ रडलंच नव्हतं

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. बावीस वर्षं नर्सची नोकरी झाली. 'अंगात आलंय' म्हणून आणलेल्या कितीजणींना मी ओआरएस पाजून घरी पाठवलंय! तेव्हा हसायचं तर हसा... पण पूर्ण वाचून मग हसा.

आमचं आरोग्य उपकेंद्र भोर तालुक्यात, आंबवड्याच्या वर डोंगरात. आजूबाजूला शेरडं-मेंढरं राखणाऱ्यांच्या वस्त्या. दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट, दुपारचे अडीच वाजलेले. सुनीता नावाची पहिलटकरीण आली, दिवस उलटून गेलेली. भोरला हलवायला वेळच नव्हता. अॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, म्हणून तिच्या सासऱ्यांनी, धोंडीबाबांनी, सलीमभाईंची पिकअप दारात थांबवून ठेवली होती. सलीमभाई भोरचे, वस्त्यांवरची शेरडं बाजाराला नेतात.

पाणमोट फुटली, पाणी हिरवं. बाळानं आतच शी केली होती, आणि ती श्वासाबरोबर छातीत गेली की खेळ खलास. बाळ आलं ते निळसर, हातपाय लोंबते. हालचाल नाही, आवाज नाही. तोंड साफ केलं, पुसलं, पाठ चोळली, शेवटी मास्क लावून श्वास द्यायचा फुगा दाबायला लागले. ठोके होते, श्वास नव्हता.

आणि बाहेर ताट वाजायला लागलं!

इकडे मूल रडल्याचं कानावर आलं की ताट वाजवतात. माझं डोकंच फिरलं. "बंद करा ते! बाळ रडलं नाहीये अजून!" मी आतूनच ओरडले.

धोंडीबाबा दाराशी आले. "असं कसं, शिस्टर? आमी समद्यांनी आयकलं की. चांगलं खणखणीत रडलं."

"करडू ओरडलं असेल."

"करडाचा आवाज आमाला कळत न्हाई व्हय?"

वाद घालायला सवड कुणाला होती? दहाएक मिनिटांनी बाळ कण्हत श्वास घ्यायला लागलं, पण दर श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. मी म्हटलं, "गाडी काढायला सांगा, लगेच भोरला."

धोंडीबाबा खालीच बसले. रडणं ऐकून, पोर सुखरूप आहे असं समजून, त्यांनीच सलीमभाईंच्या हातावर गूळ ठेवून त्यांना वाटेला लावलं होतं. सलीमभाईंना कापूरहोळला दुसरं भाडं होतं. मोबाईलला रेंज नाही. ऑक्सिजनचा सिलेंडर छोटा, त्याचा काटा खाली चाललेला... खरं सांगते, मी मनातून ते बाळ सोडून दिलं होतं.

तेवढ्यात हॉर्न वाजला. सलीमभाई परत आले होते. चेहरा पांढराफटक.

"सिस्टर, मागं हौद्यात कोण बाळ ठेवलंय का बघा. घाट उतरायला लागल्यापासून रडतंय. दोनदा उतरून बघितलं, हौदा मोकळा. म्या घाबरून गाडी वळवली, तसं गप झालं."

मी बाळाला छातीशी धरून पुढे बसले, फुगा दाबत राहिले. भोरपर्यंत एकदाही मागे वळून बघितलं नाही. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती फक्त बाळ जाण्याची नव्हती.

भोरहून बाळ पुण्याला गेलं. बरेच दिवस काचेच्या पेटीत होतं. वाचलं. आता शेरडांमागे पळतं, धोंडीबाबांना दमवतं.

मी पुष्कळ चौकशी केली. त्या दिवशी वस्तीवर दुसरं तान्हं मूल नव्हतं. सलीमभाईंच्या गाडीत टेपसुद्धा नाही. ज्या रडण्यानं गाडी घालवली, त्यानंच ती परत आणली... ते बाळाला न्यायला आलं होतं की वाचवायला, हे मला आजही ठरवता येत नाही. कुणाला कळलं तर मला सांगा.

बाळंतपणं अजूनही करते. पण रडणं ऐकू आलं की आता आनंद नंतर होतो. आधी मी वाकून त्याचं तोंड उघडं आहे का ते बघते.