काळी मिशी आणि ज्वारीचं पीठ

गालाला साबण लागला की मास्तरांचं बोट वर जायचं. मग मी वस्तरा थांबवायचा आणि जुन्या इंग्रजीतली एखादी ओळ ऐकून घ्यायची. वस्तऱ्याखाली बसून कविता म्हणून बघा एकदा, म्हणजे त्या माणसाची छाती कळेल.

मास्तर सोलापुरातल्या कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. बायको वारलेली. मी चौथीतून शाळा सोडलेला न्हावी. पण त्यांच्यापुढं मी कधी मान वाकवली नाही. माझ्या दुकानात मान गिऱ्हाइकानं वाकवायची.

"शेकडो वर्षांपूर्वीच्या कविता आहेत, अप्पा. त्यात नशिबाचं एक चाक असतं. वर बसलेला राजा खाली येतो, खालचा वर जातो."

"म्हंजे गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा की ओ! त्यात इंग्रजानं नवीन काय सांगितलं?"

"पाळण्यातून उतरता येतं, अप्पा."

राजे पाडून झाले की म्हाताऱ्या आशिकांची पाळी. पिकल्या केसांचा माणूस बाईच्या नादी लागला की ते कवी त्याची पार सालटी काढायचे म्हणे. हे सांगताना मास्तर एवढे हसायचे, की साबण माझ्या सदऱ्यावर. "सगळ्यात मोठा मूर्ख कोण? प्रेमात पडलेला म्हातारा!"

आणि समोरच्या गिरणीत रोज ज्वारी दळायला कोण जायचं? हेच. एकटा जीव, दोन भाकरी खाणारा. गिरणी एका विधवा बाईंची. पट्टा फिरत असला तरी त्यांचा आवाज कोपऱ्यापर्यंत यायचा. "ओ सर, कालचं पीठ कुणाला चारलं?" अख्खा वर्ग गप्प करणारे मास्तर तिथं पिशवी धरून गप्प उभे.

मग गल्लीत कळलं, बाई गिरणी विकून जेऊरला माहेरच्या घरी निघाल्यात. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडतोय तोवर मास्तर खुर्चीत. बोट वर नाही, कविता नाही.

"अप्पा, मिशीला कलप लावा."

"आन त्या म्हाताऱ्या मूर्खाचं काय झालं?"

"तोच बसलाय. लावा."

मी म्हटलं, जरा तपकिरी ठेवू. नाही. काळी कुळकुळीतच पाहिजे. लावली. चेहऱ्यावर डांबर सांडल्यासारखी दिसायला लागली.

मास्तर रस्ता ओलांडून गेले. मी दारात. बाईंनी गिरणी बंद केली, गल्ली एकदम शांत झाली. मास्तर काय पुटपुटले ते काही मला ऐकू आलं नाही. बाईंचं मात्र आलं.

"ही मिशी कुणाची आणली?"

मास्तरांची मान खाली. म्हटलं, झालं. पडला राजा.

तेवढ्यात बाईंनी डब्यातल्या पिठात बोटं बुडवली आणि त्यांच्या मिशीवरनं फिरवली. एक बाजू, मग दुसरी. पांढरी झाल्यावर जरा मागं सरून बघितलं.

"आता इचारा परत."

आता गिरणी दुसऱ्याची आहे. माझ्या खुर्चीत मोबाईल बघणारी गिऱ्हाइकं बसतात, कुणाचं बोट वर जात नाही. परवा मास्तरांचा फोन आला. मी विचारलं, "जेऊरात दाढी कुणाकडं करता?"

"घरीच. ही करते."

"बोट वर केल्यावर थांबत्यात का?"

मास्तर नुसते हसत राहिले. मग आवाज बारीक करून म्हणाले, "एकदाच केलं होतं, अप्पा. ही म्हणाली, बोट खाली."