पद्माक्कांचा कन्नड आवाज कुणी काढला?

महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर, कोगनोळीच्या नाक्यावर आमची बस थांबली ती थांबलीच. पुढे ट्रकांची ही भली मोठी रांग. कंडक्टर खाली उतरून कुणाशी तरी कन्नडमध्ये हुज्जत घालत होता, ड्रायव्हर मराठीत करवादत होता आणि माझ्या शेजारच्या आजीबाई खिडकीतून डोकं काढून दोघांची दोन्ही भाषांत समजूत काढत होत्या. मी पुण्याची. मला त्याचं भारी कौतुक वाटलं. आजींना तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "त्यात काय गं बाई? समोरचा जे बोलतो ते बोलायचं."

मी निघाले होते बेळगावला, तुकडीच्या सभेला. कसली तुकडी, ते सांगते. आम्ही काही मंडळी नोकऱ्या सांभाळून एक मुक्त सॉफ्टवेअर तयार करतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे दिसतं ते मोठ्याने वाचून दाखवणारं. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं, त्यांच्यासाठी. ते फुकट तर आहेच, शिवाय कुणीही घ्यावं, उघडावं, आपल्या गरजेप्रमाणे बदलावं, अशी मुभा आहे. पण घरोघरी जाऊन ते बसवून देणारी, शिकवणारी माणसं नसतील तर ते असून नसल्यासारखंच. सीमाभागात अशी स्वयंसेवकांची तुकडी तयार झाल्याचा बेळगावहून निरोप आला होता. रविवारी सभा होती. मी शनिवारीच निघाले, कारण वाटेत बोरगावच्या पद्माक्कांना भेटायचं होतं. त्यांचा फोन आला होता, "ताई, तुमचं मशीन निम्मंच बोलतंय."

निपाणीच्या स्टँडवर उतरलं की तंबाखूचा वास आधी भेटतो, माणसं नंतर. तिथून बोरगावची बस धरली. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच एखादं बस्तीचं (जैन मंदिराचं) पांढरं शिखर. पद्माक्का दारातच उभ्या होत्या. जवळच्याच एका खेड्यात मराठी शाळेवर त्या शिक्षिका आहेत. नजर गेली काही वर्षं मंदावत मंदावत आता उजेड-अंधारापुरती उरलेली. मुलांना त्या आवाजावरून ओळखतात, पाढे-कविता तोंडपाठ, शिकवण्यात काडीचा फरक नाही.

"मग अडतंय कुठं?" मी विचारलं.

"सुत्तोलेत (कन्नड परिपत्रकात)," त्या म्हणाल्या. "वर्गात मराठी, आणि खात्याचं समदं कन्नडमध्ये येतंय. मला दोन्ही येतंय ओ, पण दिसत न्हाई. म्हणून तर तुमचं मशीन घेतलं."

शाळेत नेतात तो लॅपटॉप त्यांनी लावून दाखवला. मराठी धडा त्याने झकास वाचला. मग त्यांनी एक सुत्तोले उघडली आणि मशीन गप्प. ओळीमागून ओळ पुढे सरकते आहे आणि खोलीत नुसता पंख्याचा आवाज. मला कळेना. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आणि कन्नड, दोन्ही आवाज पहिल्यापासून आहेत. आत जाऊन पाहिलं तर कन्नड आवाज काढून टाकलेला. बिघडलेला नव्हे हं, मुद्दाम, नीट, व्यवस्थित काढलेला.

"बेळगावची पोरं आलती बसवायला," पद्माक्का सांगू लागल्या. "लई गुणाची पोरं. म्हणाली, आपल्याला कशाला पायजे कन्नड, वरून तसंच सांगितलंय."

माझं डोकंच फिरलं. त्यात पुढचं ऐकलं. शिक्षण खात्याचे साहेब आले होते. ह्यांना कामकाज जमतं का ते बघायला त्यांनी सुत्तोले वाचायला सांगितली, आणि भरल्या शाळेत मशीन असंच मुकं बसलं. साहेब सांगून गेले, सोमवारी परत येतो, तेव्हाही जमलं नाही तर बाई, तुम्ही घरी बसा.

कन्नड आवाज परत बसवायला चहा निवायला लागेल तेवढाच वेळ लागला. मशीन कन्नडमध्ये बोलू लागलं तशा पद्माक्का ऐकता ऐकता मध्येच हसल्या, "ह्यात तर सुट्ट्याच कळवल्यात की!" एवढ्याशा कामासाठी एका बाईची नोकरी टांगणीला! आणि ते करणारे कोण? आमचीच माणसं, आमचंच सॉफ्टवेअर, आम्हीच दिलेली बदल करायची मुभा. संताप गिळायला कुठे जागा नव्हती, तो घेऊनच मी बेळगाव गाठलं.

बेळगावात सकाळीच कुणीतरी हातावर कुंदा (तिथला प्रसिद्ध दुधाचा गोड पदार्थ) ठेवला. एरवी मी त्यावर जीव टाकते. त्या दिवशी घशाखाली उतरेना. सभा एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. स्टेजमागे फ्लेक्स. त्यावर अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस, सल्लागार, सगळ्यांचे हसरे फोटो, आणि सॉफ्टवेअरचं नाव कोपऱ्यात, भिंगाने शोधावं असं. दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक झालं, सत्कार झाले. माझ्याही खांद्यावर शाल पडली. आपल्याकडे चार माणसं एका कामासाठी जमली की काम राहतं बाजूला, आधी कार्यकारिणी उभी राहते! मी माईक हातात घेतला आणि विचारलं, "हे पदाधिकारी झाले. लोकांच्या घरी जाणार कोण?"

अध्यक्ष खुर्चीतून उठले. अध्यक्ष म्हणजे वकीलकाका. पिकल्या केसांचे, ताठ कण्याचे, सीमाप्रश्नासाठी आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेले. ते म्हणाले, "पोरं जाताहेत की."

"पोरांना कन्नड आवाज काढायला कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं," काका छाती पुढे काढून म्हणाले. "तुम्ही पुण्यात बसून बोलता, ताई. इथं आमच्या मराठी शाळा एकेक करून बंद पडालेत. निदान मशीन तरी आपल्या भाषेत बोलू दे!"

"आणि कन्नड सुत्तोले आली की?"

"ती मराठीतच यायला पायजे. आमची मागणीच हाय."

"मागणी मान्य होईपर्यंत बोरगावच्या पद्माक्कांनी काय करायचं, काका?" माझा आवाज चढला तो चढलाच. "उद्या खात्याच्या साहेबांमुळे नोकरी जायची वेळ आलीय ती मराठी शाळेतल्या मराठी बाईंची! त्या घरी बसल्या तर कोणती मराठी वाचवणार तुम्ही? फ्लेक्सवरची?"

आभारप्रदर्शन झालंच नाही. लोक खुर्च्या सरकवत उठले. सरचिटणीस कुजबुजले, "पुणेकर म्हटल्यावर दुसरं काय होणार?" काका मात्र जिन्यात माझ्यापाशी थांबले. "उद्या मी येतो बोरगावला," ते म्हणाले. "त्या साहेबाला कायदाच दाखवतो."

सोमवारी त्यांच्या गाडीतून आम्ही निघालो. वाटभर काका भाषणाची तयारी करत होते. शाळेत पोचलो आणि पद्माक्कांनी ते ओठातच अडवलं. "काका, आज तुम्ही काय बोलू नका. चहा घ्या आणि बसा."

साहेब आले. चांगले सौम्य, मृदू बोलणारे गृहस्थ, त्यामुळे मला आणखीच राग आला. त्यांनी नवीन सुत्तोले दिली. पद्माक्कांनी कळ दाबली. मशीन कन्नडमध्ये खणखणीत वाचू लागलं. मजकूर संपल्यावर साहेबांनी कन्नडमध्ये काही प्रश्न विचारले, पद्माक्कांनी अस्खलित कन्नडमध्ये उत्तरं दिली. "आयतु (ठीक आहे), टीचर. काम चालू ठेवा," म्हणून ते निघूनही गेले. मागच्या वेळच्या अपमानाबद्दल एक शब्द नाही. वर्षानुवर्षं ज्या खुर्चीवर बसून शिकवलं, तिच्यावर बसायला बाईंनी परीक्षा द्यायची! पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझी मात्र मूठ आवळलेलीच होती.

काका कोपऱ्यात चहाचा कप धरून बसले होते. चहा तसाच. शेवटी ते म्हणाले, "आक्का, पोरं आवाज काढत होती तेव्हाच का सांगितलं न्हाईसा?"

पद्माक्का शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही इचारलंसा कुठं, काका?"

काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले.

"चुकलं तर नीट करा की. खानापूरकडं बी असंच केलायसा म्हणं."

काका उठले आणि गाडी काढून गेले. मला पद्माक्कांनी सोडलं नाही. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत त्यांच्याकडे जेवण उरकतं. भाकरी, शेंगाची चटणी, घट्ट दही. मी अधाशासारखी जेवले. कुंद्याचा मोह आता अनावर झाला होता आणि बेळगाव मागे राहिलं होतं.

निपाणीहून पुण्याची बस धरली तेव्हा उसाच्या शेंड्यांवर तांबूस ऊन होतं. मनात हिशेब चालूच होता. काकांवर रागावले ते बरोबरच होतं. पण आम्ही पुण्यात बसून तुकडीला ज्या सूचना लिहून पाठवल्या, त्यांत काय सांगावं, कसं शिकवावं, हे पानभर होतं. समोरच्याला काय हवंय ते विचारावं, असं एक वाक्य नव्हतं! काकांनी बोरगावात नाही विचारलं, आम्ही बेळगावात नाही विचारलं. सगळेच सांगायला निघालेले.

कोगनोळी ओलांडली आणि फोन वाजला. वकीलकाका.

"ताई, मी खानापुरात हाय. एका रिटायर पोस्टमास्तरांच्या ओसरीवर, त्यांच्याकडं बी आवाज काढला होता. पोरांना बरोबर घेऊन कन्नड आवाज परत बसवला. मग त्यांना इचारलं, आणखी काय पायजे?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, दोन्ही आवाज लई घाईनं बोलतात, वय झालेल्या माणसाला झेपत न्हाई." मग काकांनी मलाच विचारलं, "मशीनला हळू बोलायला कसं लावायचं, सांगता का?"