दुसऱ्या कडव्यातली खरखर

नवे स्पीकर आल्यापासून मी जुनी गाणी ऐकत नाही, तपासत बसतो. कुठे तबला पत्र्यासारखा वाजतो, कुठे नुसती खरखर. चार ओळी होत नाहीत तोच उठून गाणं बदलतो. काल आईच्या गाण्याची कॅसेट लावली, बाबांनी घरीच भरलेली. आई जाऊन बरीच वर्षं झाली.

"किती स्वच्छ येतंय!" बायको म्हणाली.

दुसऱ्या कडव्यात आवाज नेहमीसारखा तुटला. तिथे टेप खराब आहे, असंच आम्ही भावंडं म्हणत आलो. पण काल त्या खरखरीत आईची धाप ऐकू आली, आणि बाबांचा दबका आवाज, "पुरे कर आता."

"थांबा हो, पोरांना आवडतं," म्हणत ती पुन्हा गाऊ लागली.

आता टेप खराब आहे म्हणायचीही सोय उरली नाही.