रिकामं चालेल

मी रुग्णालयाच्या नोंदणी विभागात काम करतो. परवा सॉफ्टवेअर तपासायला आलेल्या मुलीने मला एक तक्ता दाखवला. त्यात एकाही रुग्णाचं नाव नव्हतं.

"काका, हा तक्त्यांचा तक्ता. बाकीच्या तक्त्यांत रकाने कोणते, कोणता रिकामा सोडलेला चालतो, हे डेटाबेस इथे स्वतःच लिहून ठेवतो."

सवयीप्रमाणे मी एकेक ओळ वाचत गेलो. नाव: रिकामं चालणार नाही. मोबाइल: चालणार नाही. औषधाची ॲलर्जी: रिकामं चालेल.

त्या ओळीवर मी थांबलो. दुसऱ्या दिवशी आमच्याच रुग्णालयात बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, आणि पेनिसिलिनने तिचा घसा सुजून श्वास अडकतो. मी तिची नोंद उघडली. मोबाइल बरोबर होता. ॲलर्जीचा रकाना रिकामा होता. तिला फोन लावला.

"अहो, कुणी विचारलंच नाही. मोबाइल मात्र दोनदा विचारला. तुमचंच खातं ना ते?"

ॲलर्जी नसली तरी जागा रिकामी, आणि विचारलंच नसलं तरी रिकामी. पडद्यावर दोन्ही अगदी सारखीच दिसतात. इतकी वर्षं मी त्या जागेला 'काही नाही' असंच वाचत आलो होतो.

मी तिचा रकाना भरला. तरी भीती जाईना. तिचं नाव असलेल्या यादीच्या पानावर चाळीस नावं होती, त्यांतल्या एकतीस जणांपुढे तीच जागा रिकामी होती. मोबाइल मात्र सगळ्यांचे होते.

मी पहिला नंबर लावला.