पंधरा दिवसांचा श्रावण

बालाघाटात श्रावण दोनदा लागतो. हिंदीवाल्यांचा सावन पौर्णिमेनंतर सुरू होऊन राखीला संपतो. आमचा मराठी श्रावण पंधरा दिवस मागाहून येतो, तो थेट पोळ्यापर्यंत. देवाला दोन्ही पोचतात. अडचण माझी होते, कारण मला मटण आवडतं.

गेल्या वर्षी माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. तेव्हा बायकोनं नवस बोलला: सगळं नीट पार पडू दे, हे पुढचा श्रावणभर मटणाला शिवणार नाहीत. नवस तिचा, जीभ माझी.

यंदा सावन लागला आणि मी मटणाच्या दुकानात गेलो. दुकानदार माझा शाळेपासूनचा दोस्त, मुसलमान. त्यानं डोळे वटारले.

"काहून बे, सावन लागला न?"

"तो हिंदीवाल्यांचा. आपण मराठी माणूस."

त्याला पटलं. आठवड्यातून दोनदा पटत राहिलं.

मग आमचा श्रावण लागला. दोडके, गिलके, पुन्हा दोडके. राखीच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुकरमधून असा काही वास आला, की मी पिशवी घेऊन निघालोच.

"अर्धा किलो दे. सावन संपला."

"अन् तुहा श्रावण?"

"यार, राहतो मध्यप्रदेशात, तं सावनच मानला पाह्यजे."

"पंधरा दिवसाआंदी तं मोठा मराठी होता! चांद आमालेबी मोजता येते बे. अमावस्या दूर आहे अजून."

"तुह्या भाभीचा नवस आहे तो. तुले काय करायचं?"

त्यानं सुरा खाली ठेवला.

"दर्ग्यात मन्नत मीबी मागतली होती. तू ऑपरेशनमधून सुखरूप निघाला, तं खर्रा सोडीन. तवापासून तोंडात नाही टाकला."

मी समजत होतो, दाताच्या डॉक्टरनं घाबरवलं असेल. तंबाखू-सुपारीची पहिली पुडी आम्ही दोघांनीच शाळेच्या भिंतीमागे खाल्ली होती. मी ओकलो होतो, तो मात्र तिथून कधी मागे वळला नव्हता.

"तुले नवस मोडायचा आहे न? मोड. देतो मटण," तो म्हणाला. "मंग मीबी समोरच्या पानठेल्यावर जातो."

आणि तो खरोखर हात धुवायला लागला.

मी पिशवीची घडी करून खिशात कोंबली.

"तलफ येते का बे अजून?"

"रोज येते. तुले पाह्यलं का जास्तच."