दीड मिनिटाची शांतता आणि साडीचा फॉल

मधूच्या पहिल्या सोलो कॉन्सर्टला आम्ही चार जण होतो. पण "आम्ही होतो ना त्या पहिल्या कार्यक्रमाला" असं मला आजवर सांगणारी माणसं मोजली, तर साठ-सत्तर तरी भरतील. हॉलमध्ये खुर्च्याच चाळीस! मी कुणाला खोटं पाडत नाही. किस्से असेच वाढतात, दर वेळी सांगताना एक खुर्ची जास्त लागते.

जे खरोखर होतो, ते आम्ही महिन्यातून एका रविवारी सतीशच्या घरी, बंगळूरच्या एचएसआर लेआउटला, नाश्त्याला जमतो. सतीश मूळचा पुण्याचा, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तेजस्विनी नागपूरची, ऑफिस बेळ्ळंदूरला. प्रकाशअण्णा इथलेच, इंदिरानगरच्या त्या हॉलची देखभाल करतात. आणि मी. हॉलच्या खाली माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. आमचं घराणं कितीतरी पिढ्या बंगळूरमध्येच, त्यामुळे अण्णांशी आणि मधूशी मी कन्नडच बोलते, पण इथे सगळं मराठीत लिहिते. शिक्षण एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावी, तेव्हा लिहिणं साधंच असणार.

* * *

पहिला कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी सहाला होता. पावणेसहाला प्रकाशअण्णा जिना उतरून दुकानात आले. म्हणाले, "अक्का, स्वल्प वेळ वर येऊन बसा. खुर्च्या फार रिकाम्या दिसतायत."

मी म्हटलं, सोमवारी द्यायची साडी आहे, फॉल अर्धा राहिलाय. ते म्हणाले, साडी घेऊन या, तिकडे शिवा. मी खरंच साडी, सुई आणि दोऱ्याचं रीळ घेऊन वर गेले. उजेड फक्त स्टेजवर होता आणि त्यातला थोडा पहिल्या रांगेत सांडत होता, म्हणून मी पहिल्या रांगेत बसले.

मधू स्टेजवर आला. उंच, किडकिडीत, अडतिशीचा माणूस. खाली बघतच माइकजवळ गेला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "मागे ऐकू येतंय का?"

शेवटच्या रांगेतून अण्णा म्हणाले, "मागे मीच आहे. येतंय."

मग सतीश हसला, मी हसले आणि मधूही हसला. तेजस्विनी तेव्हा बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये होती, पण तिला आम्ही चारात धरतो.

* * *

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय, हे मला सतीशने पहिल्या मध्यंतरात समजावलं. मध्यंतर दहा मिनिटांचं होतं, समजावणं वीस मिनिटं चाललं. त्यातलं मला एवढंच कळलं की यात गाणी लांब असतात, ठेका सरळ नसतो, आणि गाणं संपलं असं वाटलं की ते संपलेलं नसतं.

मधूचं मोठं गाणं बावीस मिनिटांचं. बेळ्ळंदूरच्या तळ्यावरचं. त्याच्या मधोमध सगळं थांबतं. गिटार नाही, आवाज नाही, काही नाही. सात-सात मात्रांच्या बारा फेऱ्या, म्हणजे जवळजवळ दीड मिनिट, नुसती शांतता. बाराव्या फेरीनंतर मधूने पायाने पेडल दाबायचं, की रेकॉर्ड केलेली वाद्यं सुरू होतात, आणि त्याच क्षणी त्याने गायला लागायचं.

बँड होता तेव्हा ही मोजणी ड्रमरकडे होती. ड्रमर मान हलवायचा, मधू गायला लागायचा. मग बँड फुटला. दोघं परदेशी गेले, दोघांनी वाजवणं सोडलं, आणि मधू एकटा राहिला. त्या तोंडपाठ असलेल्या गाण्यात तो शांततेत शिरायचा आणि तिथेच हरवायचा. पहिल्या दिवशी तर सातव्या फेरीलाच गायला लागला.

कार्यक्रमानंतर अण्णांनी सगळ्यांना कॉफी दिली तेव्हा मधूने आपला बेत सांगितला. त्याने हॉल सहा शनिवार घेतला होता. या सहांत एकदा तरी हे गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट गेलं, तर पुढे गायचं. नाहीतर गाणं बंद, फक्त ऑफिस.

बेत सांगताना तो इतका शांत होता की मी कॉफी प्यायचीच विसरले. ओळख होऊन दोन तास झाले होते.

* * *

दुसऱ्या शनिवारी नऊ जण होते. गाणं सुंदर चाललं होतं. शांतता सुरू झाली. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा. पाचवी फेरी असेल-नसेल, मागचं दार धाडकन उघडलं आणि तेजस्विनी धापा टाकत आत आली. सगळे गप्प बसलेले, मधू डोळे मिटून उभा.

तिने मोठ्याने विचारलं, "बरं झालं बाई, अजून सुरू नाही झालं ना?"

मधू हसता हसता खाली बसला. तेजस्विनी तेव्हापासून उशीर झाला की दाराशीच उभी राहते. म्हणजे दर वेळी.

* * *

तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की माझी सुई गाण्याबरोबर चालते. पेटेतल्या, म्हणजे जुन्या पेठेतल्या, विठ्ठलाच्या देवळात मी भजनाला टाळ धरते, तिथे सात मात्रांचे अभंग असतातच. फॉलला धावदोरा घालताना माझे सहा टाके सुईवर भरत होते आणि सातव्याला मी दोरा ओढत होते. न ठरवता. शांततेतसुद्धा हात चालूच राहिला.

मध्यंतरात मी सतीशला म्हटलं, "हा तर रूपक ताल आहे."

सतीश म्हणाला, "काकू, याला सेव्हन-एट म्हणतात."

मी म्हटलं, "सात की आठ, एकदा ठरव."

त्या दिवशी मधू बाराव्या फेरीनंतर बरोबर आला! इतका बरोबर आला की त्याचं त्यालाच नवल वाटलं आणि पुढचे शब्दच विसरला. उरलेली दहा मिनिटं त्याने नुसतं "आ... आ..." केलं. सतीशच्या मते तो त्या संध्याकाळचा सर्वांत खोल भाग होता.

* * *

सतीशच्या टी-शर्टचा किस्सा इथेच सांगते. त्याच्याकडे मधूच्या जुन्या बँडचा काळा टी-शर्ट होता, कॉलेजच्या वेळचा. छातीवर पाचही जणांचा फोटो. तो घालून त्याला पुढच्या कार्यक्रमाला यायचं होतं, पण टी-शर्ट पोटावर थांबत होता. माझ्याकडे घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "काकू, थोडा आटलाय."

मी म्हटलं, "हो ना, काळा कपडा आटतोच." दोन्ही बाजूंना चार-चार बोटं पट्टी घातली. तरी दुसऱ्या दिवशी फोन आला, आणखी दोन बोटं चालतील का?

चौथ्या शनिवारी तो ऐटीत दुसऱ्या रांगेत बसला. मधूने स्टेजवरून पाहिलं आणि माइकमध्ये म्हणाला, "आमच्या बँडपेक्षा टी-शर्ट जास्त टिकला."

त्या दिवशी मधू शांततेतून पुन्हा बरोबर बाहेर आला, शब्दही आठवले. शेवटचं एक मिनिट राहिलं असताना गिटारची तार तुटली. ती तार सतीशने उचलून नेली. घरी काचेच्या कपाटात आहे. त्याची बायको पाहुण्यांना सांगते, "हात लावू नका, देव आहे तो यांचा."

* * *

पाचवा शनिवार माझ्यामुळे बिघडला, हे आधीच सांगून टाकते.

झालं असं की मला लाज वाटायला लागली होती. तो माणूस जीव तोडून गातोय आणि आपण समोर बसून शिवतोय, हे काही बरं दिसत नाही. म्हणून त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं, निळी रेशमी साडी नेसले, गजरा माळला आणि रिकाम्या हाताने जाऊन पहिल्या रांगेत बसले.

शांतता आली. मधूने माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडून हसले. तोही हसला आणि पाहतच राहिला. मला वाटलं, साडी आवडली. एक मिनिट गेलं, दोन गेली, तीन गेली. मधू हलेना. शेवटी कार्यक्रम संपला असं समजून प्रकाशअण्णांनी हॉलचे दिवे लावले.

मधू स्टेजच्या कडेला बसला आणि तेजस्विनीला म्हणाला, "तुमची मुलगी गिटार शिकते ना? पुढच्या शनिवारनंतर ही तिला देऊन टाकतो."

जिन्यात तेजस्विनीने मला गाठलं. "काकू, तुम्ही आज शिवायला काही का नाही आणलं?"

मी कारण सांगितलं. ती कपाळाला हात लावून पायरीवर बसली.

"अहो, मी दर वेळी दाराशी उभी असते. मला तिथून तुम्ही दोघंही दिसता. तो तुमच्या हाताकडे बघून मोजतो, काकू. तुमचा दोरा वर गेला की त्याची एक फेरी होते."

* * *

तो आठवडा मला नीट झोप नव्हती. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. एरवी माझे सहा टाके आणि एक ओढ आपोआप व्हायचे, आता सुई हातात घेतली की मी मोजायला लागायचे आणि मोजायला लागले की चुकायचे.

मधूला तेजस्विनीने काही सांगितलं नव्हतं, मीही सांगितलं नाही. तो माझ्या हाताकडे बघतो हे त्याला स्वतःला तरी माहीत होतं की नाही, देव जाणे.

सहाव्या शनिवारी एकोणीस जण आले. मी मुद्दाम सुती साडी आणली, पांढरी, म्हणजे हात उठून दिसेल. तेजस्विनी चक्क वेळेवर आली, पण बसली नाही, सवयीने दाराशीच उभी राहिली. सतीश टी-शर्ट घालून, बोटांवर मोजायला तयार.

गाणं सुरू झालं. गाण्यातलं तळं भरलं, त्यावर फेस आला, काठची माणसं निघून गेली, आणि शांतता.

मधूने माझ्याकडे पाहिलं. मी टाके घालायला लागले. पहिली फेरी. दुसरी. बोटांना घाम आला होता, सुई निसटत होती. सहावी. सातवी. दहाव्या फेरीला मला आपला श्वास ऐकू यायला लागला. अकराव्या फेरीत सहा टाके भरले, सातव्याला दोरा ओढला, आणि भीतीने इतक्या जोरात ओढला की तो तुटला. हात डोक्याच्या वर गेला आणि तिथेच राहिला.

मधूने पेडल दाबलं आणि गायला लागला.

पुढचं सगळं गाणं तो गायला. एक शब्द चुकला नाही, एक तार तुटली नाही. संपल्यावर एकोणीस माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि अण्णांनी "संपलं का?" असं विचारून मगच दिवे लावले. मी मात्र तुटलेला दोरा धरून बसले होते. एक फेरी राहिली होती. आणि त्याचा बेत तर गाणं नीट जाण्याचा होता.

मी स्टेजकडे निघाले तोवर सतीश पोचलाही होता. डोळे भरलेले. मधूचा हात धरून म्हणाला, "अकरा! मी मोजत होतो. बँडमध्ये बारा असायच्या. एक फेरी मुद्दाम कमी केलीस ना? काय विचार आहे रे!" आणि सगळ्यांना ते सांगायला तो मागे वळला.

मधू गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मी हातातला दोरा पुढे केला.

"मधू, माझ्याकडून तुटला. अकराव्यालाच."

त्याने दोऱ्याकडे पाहिलं. गिटारकडे पाहिलं. मागे सतीश तीन अनोळखी माणसांना हातवारे करून काहीतरी समजावत होता.

"सरी, अक्का, ठीक आहे," मधू म्हणाला. "आजपासून अकराच."

* * *

मागच्या महिन्यात मधूचा कार्यक्रम झाला तेव्हा मोठ्या हॉलमध्येही खुर्च्या पुरल्या नाहीत. पहिल्या रांगेत माझी जागा ठरलेली असते. संपल्यावर कॉलेजातली एक मुलगी वही घेऊन आली. तिला विचारायचं होतं की जुन्या बँडच्या रेकॉर्डिंगमध्ये शांततेच्या बारा फेऱ्या आहेत, मग आता अकराच का?

मधूने तोंड उघडण्याआधी सतीश पुढे झाला. बारावी फेरी ही ऐकणाऱ्याने आपल्या मनात पूर्ण करायची असते, इथून त्याने सुरुवात केली आणि पंधरा मिनिटं बोलला. मुलीने सगळं लिहून घेतलं. मग तिने मधूला विचारलं, "सर, असंच आहे का?"

मधूने माझ्याकडे पाहिलं.

मी सुईत नवा दोरा ओवत होते.