तसबिरीवरची जमुनियाची माळ

...तर माळ धुऊन उन्हात टाकणाऱ्या एका गिऱ्हाईकणीला चंद्रभागाबाई म्हणाली, "बाई, हा दगड आहे, पापड नाही. उन्हात कशाला वाळवता?" गिऱ्हाईकीण हसली, पण माळेतला गुलाबी स्फटिक पार विटला होता, त्याला कुठलं हसू!

द्वारका चौकाजवळच्या गल्लीत एका लहानशा दुकानाच्या पायरीशी बसून चंद्रभागाबाई तीस वर्षं माळा गाठवून देत आली. शाळा चौथीपर्यंतच, पण दगडाची नस ओळखावी तर तिनंच. खरा स्फटिक गालाला गार लागतो. काचेवर ओढला तर काचेला चरा पडतो, स्फटिक तसाच्या तसा. एवढा कणखर गडी, पण गरम पाण्यातून गारात टाकला की तडकलाच! "कोमट पाणी, साबणाचा थेंब, मऊ फडकं. अत्तर आधी लावा, माळ मागून घाला. अन् वर्षा-दीड वर्षानं दोरा बदला; दगड टिकतो, दोरा कुजतो," हे ती एकेकीला ऐकवायची. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवून थकायचा, हिचं काही संपायचं नाही.

एकुलत्या लेकीला, रोहिणीला, लग्नात तिनं जमुनियाची माळ दिली. जमुनिया म्हणजे जांभळा स्फटिक. मणी न् मणी हातानं निवडलेला, दोन मण्यांमध्ये एकेक गाठ. रोहिणी सायखेड्याला नांदायला गेली आणि सातव्या वर्षी काविळीनं गेली.

जावई महेशनं ती माळ तिच्या तसबिरीला घातली. तसबीर ओटीवर, सकाळचं ऊन थेट येतं त्या भिंतीला. बघून चंद्रभागाबाईच्या काळजात चर्र झालं. जमुनियाला ऊन म्हणजे वैरी. पण महेश रोज अंघोळ केली की आधी तसबिरीची काच पुसायचा, माळ सारखी करायचा, मगच चहा. बाईनं तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

दोन वर्षांत मणी पाण्यासारखे पांढरे पडले. श्राद्धाला घर भरलेलं असताना महेशची चुलती झुंबरबाई बोललीच, "लेकीच्या गळ्यात काचा घातल्या, अन् द्वारकेला बसून जगाला खरं-खोटं शिकवती!"

महेशची मान खाली गेली. हळूच म्हणाला, "मामी, खरं सांगा. काचा होत्या का?"

लोकांचं एक वेळ सोडा, पण ह्यानं विचारावं? बाईनं तसबीर उतरवली आणि उलटी केली. चौकटीच्या मागं दडलेल्या नऊ मण्यांना ऊन लागलंच नव्हतं. पिकल्या जांभळासारखे गर्द होते ते. काचेचा रंग असा उन्हानं उडत नाही. झुंबरबाई कढी उतू चालल्याचं सांगून आत सटकली.

महेश त्या मण्यांवर बोट फिरवत राहिला. "म्हणजे उन्हानं गेला रंग? अन् तुम्हाला ठाऊक होतं! साऱ्या जगाला सांगता, मग मलाच का नाही सांगितलं, मामी?"

चंद्रभागाबाईनं तसबीर पुन्हा त्याच खिळ्याला लावली. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "सांगितलं असतं, तर तुम्ही ती डबीत जपून ठेवली असती, जावईबापू. दगड राहिला असता जांभळा. पण सकाळी उठून तुम्ही तिच्या गळ्याला हात लावता, तेवढंच माझ्या पोरीचं या घरातलं नांदणं उरलंय."